मावशींना परत बोलवा, आणि आप्पांचे हात नीट पाहा

पत्र:

"सिस्टर, मी सांगली जिल्ह्यातल्या एका वृद्धाश्रमाची व्यवस्थापिका आहे. आमच्याकडे ३४ आजी-आजोबा आणि नऊ कर्मचारी. जुलैच्या शेवटी पुरुषांच्या मोठ्या खोलीतल्या दोघांना रात्री खाज सुटायला लागली. पावसाळ्यातलं गजकर्ण समजून मेडिकलमधून मलम आणलं. चार दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा सुरू. आता ऑक्टोबर उजाडलाय; तेरा आजी-आजोबांना आणि आमच्यातल्या तिघींना खाज आहे. भेटीला येणाऱ्या डॉक्टरांनी परवा 'ही खरूज दिसतेय' म्हटलं. विश्वस्तांनी लगेच ऑगस्टच्या मध्याला लागलेल्या मावशींना काढून टाकलं, कारण त्या वस्तीतून येतात आणि त्यांच्या बोटांवर पुरळ जास्त दिसत होतं. नातेवाइकांना कळवायचं नाही असं ठरलंय, कारण तीन आठवड्यांवर दिवाळी आहे, देणगीदार येतात. खोल्यांत फवारणी करून घ्यायचं चाललंय. खाज असलेल्यांना मागच्या हॉलमध्ये ठेवलंय, संध्याकाळचं भजन बंद केलंय. एकच समाधान, सगळ्यांत अशक्त असलेले आमचे आप्पा सुटलेत. वय ८४, जूनच्या पहिल्या आठवड्यात आले, स्मृतिभ्रंश आहे, दम्यासाठी बरीच वर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या घेतात. त्यांच्या तळहातांवर जाड खपल्या आहेत, पण ते कोरड्या कातडीचं जुनं दुखणं आहे असं मुलगा म्हणाला. खाज अजिबात नाही. मी कुठून सुरुवात करू? माझ्याही कमरेला आठ दिवसांपासून खाजतंय. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही."

उत्तर:

ताई, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांपासून सुरुवात करते, कारण तुमच्या आश्रमात जे घडलंय त्याचं मूळ त्यांत आहे.

१९८४ साली मी एका सरकारी रुग्णालयाच्या स्त्री वॉर्डात नवी परिचारिका होते. रस्त्यावरून आणून दाखल केलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना मी रोज अंघोळ घालायचे, त्यांचे केस विंचरायचे. महिन्याभराने माझ्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. मला कळलं होतं काय आहे ते. शिकलेच होते की! पण खरूज म्हणजे घाण, न धुणाऱ्यांचा रोग, असं लहानपणापासून कानांवर पडलेलं. मी लांब बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतले आणि दोन महिने कुणाला हात दाखवले नाहीत. मग माझ्या आठ महिन्यांच्या मुलाच्या तळव्यांवर पुवाने भरलेले फोड आले. तो रात्र रात्र रडायचा. त्या रडण्याचं कारण मी होते, आणि एवढ्या वर्षांनंतरही ते मला विसरता आलेलं नाही.

म्हणून आज संध्याकाळी पहिलं काम हे करा: सगळ्या कर्मचाऱ्यांना एकत्र बसवा आणि सांगा, "मलाही झालीय." व्यवस्थापकीणबाईंनी हे म्हटलं की बाकीच्यांची तोंडं उघडतात. तिघी म्हणताय त्या कदाचित पाच निघतील. निघू द्या. लपलेली खरूज उरली तर पुढची सगळी मेहनत वाया जाईल.

आता मावशींचं. भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि माझ्याबरोबर पानं उलटा. खरूज होते ती कातडीत राहणाऱ्या बारीक किड्यांमुळे. आयुष्यात पहिल्यांदा खरूज झालेल्या माणसाला किडे अंगावर आल्याबरोबर खाज येत नाही. शरीराला त्या किड्याची, त्याच्या अंड्यांची आणि विष्ठेची ओळख पटायला चार ते सहा आठवडे लागतात. खाज ही त्या ओळखीची प्रतिक्रिया असते. मधल्या काळात माणूस ठणठणीत दिसतो आणि तरी दुसऱ्याला देऊ शकतो. ज्याला आधी कधी होऊन गेलीय त्याला मात्र एक ते चार दिवसांतच खाजू लागतं. तुमच्या पहिल्या दोघांना जुलैच्या शेवटी खाज सुटली. चार ते सहा आठवडे मागे जा, आपण जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंतच्या दिवसांत पोचतो. मावशी आल्या ऑगस्टच्या मध्याला. जी बाई आश्रमाच्या फाटकातून आत आलीच नव्हती, तिने ही खरूज कशी आणली? त्या ती इथून घेऊन गेल्या, तुमच्या माणसांना उचलून बसवताना, तेल लावताना, कपडे बदलताना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. विश्वस्तांना कालनिर्णयची ही पानं दाखवा. मावशींना परत बोलवा, बुडालेला पगार द्या आणि जमलं तर विश्वस्तांपैकी एकाने जाऊन माफी मागावी.

मग जूनमध्ये काय घडलं? तुम्हीच लिहिलंय: जूनच्या पहिल्या आठवड्यात आप्पा आले.

मी डॉक्टर नाही, आणि पत्रावरून निदान डॉक्टरांनीही करू नये. पण छत्तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला तुमच्या पत्रातलं एक वाक्य वाचून धस्स झालं: "जाड खपल्या आहेत, खाज अजिबात नाही." खरजेचा एक प्रकार असतो, खपल्यांची खरूज. नॉर्वेमधल्या दोन डॉक्टरांनी १८४८ साली कुष्ठरुग्णांमध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून जुन्या पुस्तकांत ती 'नॉर्वेजियन' खरूज. साध्या खरजेत एका माणसाच्या अंगावर दहा-पंधरा किडे असतात, बस्स एवढेच. खपल्यांच्या खरजेत ते हजारो असतात, कधी लाखांच्या घरात जातात. ज्यांची प्रतिकारशक्ती थकली आहे, जे बरीच वर्षं स्टिरॉइड घेतात, ज्यांना स्मृतिभ्रंश आहे किंवा अर्धांगामुळे खाजवता येत नाही, अशांना ती होते. शरीर प्रतिक्रियाच देत नाही, म्हणून खाज कमी असते किंवा नसतेच. तळहात, तळपाय, कोपरं, नखांखाली, कधी डोक्यावरही राखाडी-पिवळट जाड थर चढतात आणि बघणारे सोरायसिस (खपल्यांचाच एक वेगळा त्वचारोग) किंवा कोरडी कातडी समजतात. त्या खपल्या गादीवर, खुर्चीवर, चादर झटकताना जमिनीवर पडतात, आणि प्रत्येक खपलीत जिवंत किडे असतात.

तेव्हा आप्पा सुटलेत असं मानू नका. त्यांना उद्याच त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे. खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगा. ही तपासणी साधी आहे आणि खपल्यांच्या खरजेत किडे सहज दिसतात. जाताना सगळ्या औषधांची यादी न्या. स्टिरॉइडच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका, अनेक वर्षं चालू असलेल्या गोळ्या एकदम थांबवणं जिवावर बेततं. निदान पक्कं झालं तर आप्पांचे उपचार इतरांपेक्षा वेगळे आणि लांबलचक असतील: किडे मारणाऱ्या आयव्हरमेक्टिन या गोळीच्या एकाहून जास्त मात्रा, वरचेवर मलम, खपल्या मऊ करून काढणारं औषध. त्यांना काही दिवस दाखल करून घेतील, किंवा आश्रमातच स्वतंत्र खोली द्यावी लागेल. त्यांच्याजवळ जाणाऱ्याने हातमोजे आणि लांब बाह्यांचा गाऊन घालायचा. मात्र हे सगळं होत असताना त्यांच्याकडे 'यांनीच आणली' अशा नजरेने कुणी पाहू नये. आप्पांनाही ती कुठल्यातरी हाताने दिलेली आहे.

मलमाचा मुद्दा आताच सांगून टाकते. मेडिकलमधून आणलेल्या त्या ट्यूबवरची नावं वाचा. आपल्याकडे खाजेसाठी म्हणून सर्रास जी मलमं दिली जातात, त्यांत बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टिरॉइड एकत्र असतं. स्टिरॉइडने खाज दबते, पुरळाचं रूप बदलतं, डॉक्टरही चकतात, आणि किडे मात्र आरामात वाढत राहतात. चार दिवस बरं वाटून पुन्हा सुरू होतं ते यामुळेच. ती ट्यूब आजपासून बंद.

फवारणीवाल्याला नको म्हणून कळवा. हा किडा माणसाच्या कातडीत राहतो, भिंतीत नाही. साध्या खरजेतला किडा अंगावरून खाली पडला तर साधारण दोन-तीन दिवसांत मरतो. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये सैनिकांना खरजेने बेजार केलं होतं आणि सरकार पांघरुणं निर्जंतुक करण्यावर प्रचंड खर्च करत होतं. तेव्हा केनेथ मेलनबी नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने शेफील्डमध्ये प्रयोग केले. युद्धात लढायला नकार दिलेले तरुण स्वयंसेवक म्हणून पुढे आले. खरूज झालेल्या सैनिकांच्या न धुतलेल्या पांघरुणांत ते उघड्या अंगाने झोपले, त्यांचे कपडे घालून राहिले. फारच थोड्यांना खरूज झाली. रोग्याबरोबर एका अंथरुणात झोपलेल्यांना मात्र ती लागली. अंगाला अंग लागणं हीच तिची खरी वाट आहे. तेव्हा म्हाताऱ्यांच्या झोपायच्या खोल्यांत कीटकनाशक मारणं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं, आणि वर त्यांच्या फुप्फुसांना त्रास. ते पैसे मलमाला लागणार आहेत.

आता मुख्य काम. उपचार सगळ्यांचे एकाच दिवशी. ३४ च्या ३४, खाज असो वा नसो. नऊच्या नऊ कर्मचारी, त्यांत तुम्ही आणि मावशीही आल्या. आणि कर्मचाऱ्यांच्या घरातलं प्रत्येक माणूस. अर्ध्यांना आज आणि अर्ध्यांना पुढच्या आठवड्यात केलं तर किडे या घरातून त्या घरात ये-जा करत राहतील. आतापर्यंत तुमच्याकडे हेच होत आलंय: ज्याला खाज त्याला मलम. बाकीचे एकवीस जण आतल्या आत तयार होत होते. जाड खपल्या असलेला माणूस मध्येच राहिला तर तो सगळ्यांना पुन्हा देईल, म्हणून आप्पांचं निदान आणि त्यांची वेगळी व्यवस्था त्या दिवसाच्या आधी व्हायला हवी.

औषध पर्मेथ्रिन ५ टक्के मलम. आमच्या वेळी वॉर्डात बेन्झाइल बेन्झोएट आणि गॅमा बेन्झिन हेक्झाक्लोराइड या औषधांच्या बाटल्या असायच्या. पहिलं म्हाताऱ्यांच्या फुटलेल्या कातडीवर फार चरचरतं. दुसरं मेंदूवर परिणाम करून झटके आणू शकतं, ते वृद्धांना नकोच. कुणी स्वस्तात देऊ केलं तरी घेऊ नका. पर्मेथ्रिन मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम लागतं. हिशोब करा: ३४ रहिवासी, आणि कर्मचाऱ्यांच्या घरी सरासरी चार माणसं धरली तर ३६. सत्तर माणसं, दोन वेळा, ३० ग्रॅमच्या १४० ट्यूबा. मुलांना कमी लागेल. आकडा मोठा वाटतो, म्हणून एक ट्यूब दोघांत पुरवायचा मोह होईल. तिथेच सगळं बिघडतं. तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला लेखी कळवा आणि औषधांची मदत मागा. आयव्हरमेक्टिनची गोळी २०२२ पासून राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. कुणी म्हणेल, "ही तर कोविडची गोळी." गोव्यात मे २०२१ मध्ये ती सगळ्या प्रौढांना देण्याचं जाहीर झालं होतं, म्हणून नाव लोकांच्या लक्षात आहे. कोविडवर तिचा उपयोग सिद्ध झाला नाही, खरजेवर मात्र ती खरंच चालते. एवढ्या लोकांना मलम नीट लावणं जमणार नसेल तर डॉक्टर ती सुचवतील. मात्रा वजनावर ठरते, किलोला २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ मिलिग्रॅम. म्हणून आधी सगळ्यांची वजनं घेऊन ठेवा. ४० किलोच्या आजींना आणि ७५ किलोच्या आजोबांना सारखीच गोळी नको. रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्यांची, यकृताचा आजार असलेल्यांची नावं डॉक्टरांना आधीच सांगा. कर्मचाऱ्यांच्या घरी कुणी गरोदर असेल, तान्हं बाळ असेल, तेही.

लावायची पद्धत नीट वाचा, कारण बहुतेकदा औषध कमी पडत नाही, लावणं कमी पडतं. शनिवारी रात्र ठरवली तर दुपारीच सगळ्यांची नखं कापा. गरम पाण्याच्या अंघोळीनंतर लगेच लावू नका. अंग कोरडं आणि थंड असू द्या. तरुण माणसाला मानेपासून खाली लावलं तर चालतं. म्हाताऱ्यांना डोक्यापासून: टाळू, कपाळ, कानांच्या मागे, मान, फक्त डोळे आणि तोंड टाळा. मग बोटांच्या बेचक्या, मनगटं, काखा, बेंबीभोवती, स्तनांखाली, जांघा, गुप्तांग, पार्श्वभागाची फट, तळपाय, नखांच्या कडा. या जागा सांगताना आपल्याला संकोच होतो आणि लावणाऱ्यालाही, म्हणून नेमक्या त्याच राहून जातात. आजींना बाईने लावावं, आजोबांना मामांनी, आणि ज्यांना विस्मरण आहे त्यांना त्यांच्या ओळखीच्या माणसाने, काय करतोय ते सांगत सांगत. रात्री डायपर बदलला, लघवीला नेऊन धुतलं, हात धुतले, की त्या जागी पुन्हा मलम. बोटं तोंडात घालायची सवय असेल तर हातांवर स्वच्छ सुती मोजे चढवा. आठ ते बारा तासांनी, सकाळी, अंघोळ. मग सात दिवसांनी, पुढच्या शनिवारी, हेच सगळं पुन्हा, एकही पायरी न गाळता. पहिल्या वेळी अंड्यात राहिलेले किडे तोवर बाहेर आलेले असतात आणि त्यांना अजून अंडी घालता येत नसतात. दुसरी वेळ त्यांच्यासाठी.

रविवारी सकाळी कपडे. गेल्या तीन-चार दिवसांत वापरलेल्या चादरी, अभ्रे, पंचे, साड्या, स्वेटर, शाली हे सगळं हात घालवणार नाही इतक्या कडक पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून मग धुवायचं आणि उन्हात वाळवायचं. ५० अंशांच्या वर पाण्यात किडे आणि अंडी दोन्ही मरतात. तुमच्याकडे सोलर असेल, नसेल तर बंब पेटवा. जे उकळत्या पाण्यात घालता येत नाही, लोकरीचं, चपला, देवाच्या पोथीची गवसणी, ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला. गाद्या उन्हात. रेक्झिनच्या खुर्च्या, व्हीलचेअर, बीपीचा कापडी पट्टा पुसून घ्या किंवा तेही बांधून ठेवा. आप्पांच्या खोलीचं मात्र जास्त काटेकोर: रोज चादर बदलायची, झटकायची नाही, गुंडाळून थेट पिशवीत. खोली रोज झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसायची.

ट्यूबांच्या हिशोबात मी कर्मचाऱ्यांची घरं धरली, त्यावर विश्वस्त अडतील, म्हणून तुमच्या हातात एक उदाहरण देते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या कर्कलंड गावी २०२० च्या फेब्रुवारी अखेरीस एका वृद्धसेवा केंद्रात कोविड सापडला. १८ मार्चपर्यंत त्या एका केंद्राशी जोडलेले १६७ रुग्ण मोजले गेले: १०१ रहिवासी, ५० कर्मचारी, १६ भेटीला आलेले. लागण झालेल्या रहिवाशांपैकी साधारण एक तृतीयांश दगावले. तपास करणाऱ्यांनी जी कारणं नोंदवली त्यांत हेही होतं की काही कर्मचारी लक्षणं असतानाही कामावर येत होते आणि काही जण एकाहून जास्त ठिकाणी काम करत होते. कोविड आणि खरूज यांचं नातं काही नाही. पण माणसं तशीच आहेत. तुमच्या मावशी दिवसा तुमच्याकडे आणि रात्री ब्युरोमार्फत कुणाच्या तरी घरी पेशंटजवळ बसत असतील. खाडा झाला की पगार कापला जातो, आणि आजार सांगितला की काम जातं, हे त्यांनी नुकतंच डोळ्यांनी पाहिलं. मग पुढची बाई हात दाखवेल का? ती मीच १९८४ साली जे केलं ते करेल. म्हणून विश्वस्तांकडून लेखी घ्या: औषध आश्रमाच्या खर्चाने, घरच्यांचंही, उपचारांच्या दिवसाचा पगार पूर्ण, कुणाची नोकरी जाणार नाही. पहिल्यांदा मलम नीट लावून धुतलं की दुसऱ्या दिवसापासून त्या कामावर येऊ शकतात. खर्चाच्या मानाने हे काहीच नाही, आणि याखेरीज तुमची साथ संपणार नाही हे मी ठामपणे सांगते.

नातेवाइकांना कळवा. दिवाळीला नात आजीच्या मांडीवर बसणार, लेक आईचे हात हातात घेणार, आणि डिसेंबरात पुण्या-मुंबईच्या घरांत खाज सुटल्यावर सगळे मागे मोजतील, जसे आपण आत्ता मोजले. तेव्हा जो विश्वास जाईल तो परत यायचा नाही. साधं पत्र लिहा: आश्रमात खरजेची लागण आहे, अमुक तारखांना सर्वांचे एकत्र उपचार होत आहेत, जुलैपासून ज्यांनी भेट दिली, अंगाला हात लावून सेवा केली किंवा आजी-आजोबांना घरी नेलं त्यांना खाज असेल तर घरच्या सगळ्यांसह डॉक्टरांना दाखवावं. आप्पांच्या मुलाला वेगळा फोन करा, कारण त्यांच्या घरीही कुणाला तरी खाजत असू शकतं. कुणाचंही नाव पत्रात नको. पुढच्या दोन शनिवारी उपचार पुरे केले तर दिवाळीला लोकांना येऊ द्यायला हरकत नाही. मला वाटतं, ज्या देणगीदाराला हे पत्र वाचून तुमच्याबद्दल आदर वाटणार नाही त्याच्या देणगीवाचून अडू नये, पण हे मी लांबून म्हणते. वाण्याचं बिल तुम्हाला भागवायचं असतं हे मला ठाऊक आहे.

हॉलमध्ये ठेवलेल्यांना त्यांच्या खाटांवर परत आणा. सगळ्यांचे उपचार एका दिवशी होणार असतील तर तेरा जणांना कोंडण्याचा काहीच उपयोग नाही. ज्यांना खाज नाही त्यांच्या अंगावरही किडे असू शकतात. पहिल्या शनिवारपर्यंत एकमेकांच्या शाली-पांघरुणं वापरायची नाहीत, तेलाची मालिश थांबवायची, एवढं पुरे. रविवारी अंघोळी झाल्या की संध्याकाळी भजन सुरू करा. कोविडच्या काळात आपण वृद्धांना खोल्यांत बंद केलं, तेव्हा पर्याय नव्हता. पण माणसं न भेटल्याने खंगलेली म्हातारी मी पाहिली आहेत. खरजेसाठी ती किंमत मोजायची गरज नाही.

एका गोष्टीची तयारी सगळ्यांची आधीच करून ठेवा: किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहते. मेलेले किडे आणि त्यांची घाण कातडीत असते, ती झडून जायला वेळ लागतो. म्हणजे ऐन दिवाळीत आजोबा खाजवत असतील आणि कुणीतरी म्हणेल, "औषध लागू पडलं नाही, पुन्हा लावा." पुन्हा पुन्हा लावू नका, कातडी आणखी चिडते. खोबरेल तेल, साधं मॉइश्चरायझर, डॉक्टरांनी दिली तर खाजेची गोळी; तीही जपून, कारण झोप आणणाऱ्या गोळ्यांनी म्हातारी माणसं गोंधळतात आणि रात्री पडतात. चार आठवड्यांनंतरही खाज कमी होत नसेल किंवा नवे पुरळ, किडे कातडीत शिरल्याच्या नव्या नागमोडी रेघा दिसल्या तरच पुन्हा तपासणी. खाजवून कातडी फाटली आहे तिथे पू, लाल-गरम सूज, ताप यांपैकी काहीही दिसलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर. खाजवल्याच्या जखमेतून जंतू रक्तात जातात, कधी मूत्रपिंडांना धक्का बसतो. म्हातारी माणसं खरजेने नाही, पण यामुळे दगावतात.

वहीत प्रत्येकाच्या नावापुढे दोन तारखा, कुणी लावलं ते, आणि सहा आठवडे दर रविवारी हात-मनगटं पाहून एक खूण, एवढी नोंद ठेवा. पुढे नवीन माणूस दाखल करताना पहिल्याच दिवशी उजेडात त्याचे हात, कोपरं, पाय नीट पाहा आणि दोन जणांना एकाच वेळी खाज दिसली की मेडिकलच्या आधी डॉक्टर गाठा.

आप्पांबद्दल अजून एक. वेगळ्या खोलीत, हातमोजे आणि गाऊन घातलेली माणसं येताना पाहून ते घाबरतील. आपण कुठे आहोत हे त्यांना रोज नव्याने कळत नसणार. दारातून आत येण्याआधी तोंड दाखवून नाव सांगा. संध्याकाळी भजनाच्या वेळी त्यांचं दार उघडं ठेवा म्हणजे आवाज आत जाईल. आणि खपल्या गेल्या, तपासणी स्वच्छ आली असं डॉक्टरांनी सांगितलं की त्यांच्या खोलीत बिनमोज्याच्या हातांनी पहिल्यांदा तुम्ही जा. बाकीचे तुमच्याकडे पाहून जातील.